दादाचं जहाज का बुडालं

आमच्या दादाचा देह मिळालाच नाही.

काशीच्या मणिकर्णिका स्मशानघाटापासून दहा मिनिटांवर आमचं घर. लांबलांबून लोक आपली माणसं शेवटी इथे आणतात. आमच्याकडे न्यायला काही नव्हतं.

आज त्याची तिथी. आजवर यावर कधी लिहिलं नाही. माझी मुलं काकाबद्दल विचारतात, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बनारसला मंगला गौरीच्या देवळाजवळ राहायचो. बाबा पौरोहित्य करायचे. दादा एका मोठ्या क्रूझ जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होता.

सुट्टीवर आला की बाबांचा टोमणा ठरलेला. "काशीत जन्मले, पण साहेबांना पाणी खारंच लागतं."

"गंगेत सात मजली जहाज आणा बाबा, उद्या परत येतो."

आईला म्हणायचा, "अगं, तरंगणारं हॉटेल आहे ते. रडार, कॉम्प्युटर, सगळं आहे. तू टेन्शन घेऊ नकोस."

तरी निघताना आई दर वेळी एकच सांगायची.

"काही झालं तर होडी सोडू नकोस. धरून बस."

ती क्रूझलाही होडीच म्हणायची.

धरून बस म्हणण्याला कारण होतं. दादा आईच्या कडेवर असताना पंचगंगा घाटासमोर त्यांची होडी फुटली होती. काठोकाठ भरली, पण तळाला गेली नाही. एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्या हाताने दादाला धरून आई पाण्यात राहिली. मल्लाह, म्हणजे नावाडी, ओरडत होता, "माताजी, छोड़िएगा मत! लकड़ी है, डूबेगी नहीं!"

दोघं वाचली.

मग एक दिवस शेजाऱ्यांकडे कंपनीचा फोन आला. जहाज समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावर घासलं आणि बुडालं. प्रवासी सगळे वाचले. इंजिनरूममधले काही जण बेपत्ता. त्यात दादा.

आई रडली नाही. म्हणाली, "धरून बसला असेल. शोधा म्हणावं त्यांना."

शोध थांबला. आई थांबली नाही.

देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा देह करतात आणि त्याला अग्नी देतात. बाबांनी हा विधी दुसऱ्यांसाठी केला होता. घरात विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "जिवंत पोराला जाळायला निघालात?"

बाबांनी पुन्हा विषय काढला नाही.

काही महिन्यांनी साळवी आले. दादाबरोबर काम करणारे, रत्नागिरीकडचे. मुद्दाम आम्हाला भेटायला आले होते.

आईने पाणी दिलं आणि समोर बसली.

"एवढं मोठं जहाज. तेही नवीन. बुडेल कसं?"

"काकू, एखादं भोक पडलं असतं तर नसतं बुडालं. खाली पोलादी भिंतींचे कप्पे असतात. एक-दोन भरले तरी चालतं. पण खडकाने पत्रा लांबवर फाडला. बरेच कप्पे एकदम उघडे पडले."

"आणि बाकीचे?"

"त्या भिंती पार वरपर्यंत नसतात. तुमच्याकडे गंगेला बाढ येते तेव्हा पाणी उंबरठा ओलांडून पुढच्या खोलीत जातं ना? तसंच. जहाज पुढून वाकलं आणि पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सांडत गेलं. जनरेटर बंद पडले. वीज नाही, मग पंप नाहीत. आतलं पाणी एका अंगाला धावलं आणि जहाज कलंडलं."

आई उठली. परातीत पाणी भरून आणलं. लाकडी पोळपाट पाण्यात दाबला आणि सोडला. तो वर आला.

"हे बघा. पाण्याखाली गेलं तरी वर येतं. आमची फुटकी होडीही अशीच तरंगत राहिली होती."

साळवींनी तिथलीच एक स्टीलची वाटी घेतली. पाण्यावर ठेवली. तरंगली. मग बोटाने तिची कड थोडी दाबली.

पाणी आत शिरलं. वाटी तळाला गेली. ठक् असा आवाज झाला.

"तुमची होडी लाकडाची होती काकू. हे पोलाद. आत हवा आहे तोवरच."

आई वाटीकडे बघत राहिली.

"म्हणजे धरून नाही बसायचं?"

"नाही. सोडायचं. जेवढं लवकर सोडून लांब जाता येईल तेवढं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आई दादाला दर वेळी काय सांगायची, ते आम्हाला माहीत होतं. साळवींना नव्हतं.

आईनेच सांगितलं.

"मी त्याला म्हटलं होतं, सोडू नकोस म्हणून."

साळवींनी वाटी पाण्यातून काढून बाजूला ठेवली.

मग म्हणाले, "काकू, तो पंप बघायला खाली गेला होता. शिडीपर्यंत परत आलाच नाही. धरायचं की सोडायचं, हे त्याच्या हातात राहिलंच नव्हतं."

हे खरं होतं की आईसाठी म्हणाले, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ते गेल्यावर आईने परात ओतून दिली. बाबांसमोर येऊन बसली.

"करा तुमचा विधी."

बाबांनी पंचांग काढलं.

"पण नंतर तो आला तर?" आईने विचारलं.

"आला तर पुन्हा जन्मला असं मानायचं. जातकर्म, बारसं, सगळं पहिल्यापासून. शास्त्रात आहे तसं."

"एवढ्या घोड्याचं बारसं?"

"हो. पाळणा मी आणीन."

आई हसली. मग तो फोन आल्यापासून पहिल्यांदाच रडली.

बाबांनी पळसाच्या पानांचा देह बांधला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. आईने दादाचा एक शर्ट इस्त्री करून दिला.

मणिकर्णिकेवर अग्नी मी दिला.

आजूबाजूच्या चिता बराच वेळ जळत होत्या. पानांना वेळ लागला नाही.

"चल," बाबा म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

आम्ही घरी आलो.

दादा, धाकट्याचा नमस्कार.