शालींचे गोलपोस्ट

ज्या माणसाच्या खांद्यावर तुम्ही शाल घालता, त्याला काय हवे आहे, हे त्याला कधी विचारले आहे का? मीही विचारले नव्हते. आमच्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमीतर्फे शाल आणि नारळ पिशवीत टाकून पहाटेच्या एसटीने मी कोल्हापूरहून निघालो.

भेटायचे होते मेजरसाहेबांना. आपल्याच पेठेतले, डाव्या पायाचे फॉरवर्ड. पुण्याच्या एका कॉलेजने त्यांना खास फुटबॉलसाठी नेले. त्यांनी कॉलेजला दोनदा करंडक मिळवून दिला आणि शेवटच्या वर्षी सैन्याच्या निवडीत उतरून ते अधिकारी झाले. पुढे एका बर्फाळ चौकीवर त्याच डाव्या पायाची तीन बोटे हिमदंशाने गेली. निवृत्तीनंतर ते वारज्यात राहतात.

दुपारी वारज्याच्या पुलाखाली उतरलो. पत्ता विचारला, तर पानवाला म्हणाला, "समोर पाटी आहे. वाचता येत असेल तर वाचा." पुणे आले म्हणायचे.

मेजरसाहेबांच्या पत्नी, म्हणजे काकू, मूळच्या पुण्याच्या. आमटी गोडसर, पण मेजरसाहेबांच्या ताटाशेजारी आपल्या कांदा-लसूण मसाल्याची वाटी होती. जेवण झाल्यावर मी मोठ्या ऐटीत शाल काढली.

"अहो, ऐकलंत का?" काकू म्हणाल्या. "अजून एक आली."

मेजरसाहेबांनी शालीचा पोत चाचपला. "जाड आहे. चला, आजच वापरू."

मला काहीच कळले नाही. संध्याकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. त्यांच्या पायांशी घमेले (माती वाहायचे पसरट भांडे) आणि छोटे फावडे.

त्यांच्या त्याच कॉलेजच्या मैदानाच्या फाटकावर नवी पाटी होती : 'लॉन भाड्याने मिळेल'. (लॉन म्हणजे पुण्यात लग्ने लावायची मोकळी जागा.) आत शिरलो आणि चौथ्या पावलाला माझा पाय घोट्यापर्यंत खड्ड्यात गेला. मांडवाच्या खांबांचे खड्डे, जिकडे पाहावे तिकडे. मेजरसाहेब रोज बुजवतात, दर मुहूर्ताला मांडववाले नवे खणतात. गोलपोस्ट तर मांडवाला आडवे येतात म्हणून उपटून टाकलेत. त्यांच्या जागी चार काठ्या. तीन काठ्यांना जरीच्या शाली गुंडाळलेल्या. माझी शाल चौथ्या काठीवर गेली आणि दहा-बारा मुलामुलींचा खेळ सुरू झाला.

"या पायानं गोल मारायचो," मेजरसाहेब म्हणाले. "आता खड्डे चाचपतो."

तेवढ्यात कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे कार्यवाह आले. सोबत मोजणीची टेप घेतलेले दोघे.

"मेजर, मनाला लावून घेऊ नका. मैदान वापरात नाही, असा अहवाल आहे. सोमवारी कायमचं लॉन करायचा ठराव होईल."

"ही मुलं दिसत नाहीत?"

"दहा-बारा जण म्हणजे वापर नव्हे. आणि अहो, आपला मान आम्ही राखतोच की! दरवर्षी ध्वजवंदनाला आपल्यालाच बोलावतो."

"बोलावता. आणि त्या दिवशी खड्ड्यांवर हिरवा गालिचा अंथरता."

कार्यवाहांनी घड्याळ पाहिले. टेपवाले पेनल्टीच्या जागेवर खुंटी ठोकू लागले.

तेव्हा कुठे मला विचारायचे सुचले. "साहेब, तुम्हाला काय हवंय?"

"माणसं," ते म्हणाले. "रविवारी सकाळी हे शेवटची पाहणी करणार आहेत. तेव्हा मैदान भरलेलं दिसलं पाहिजे."

परतीच्या एसटीत सुजलेला घोटा समोरच्या दांडीवर टेकवून बसलो होतो. दुखत पाय होता, जळत डोके होते. ज्याने देशाची एक चौकी राखली, त्याला पुण्यात दोन गोलपोस्ट राखता येऊ नयेत! सत्कार ही माणसाला गप्प बसवायची सर्वांत सोपी युक्ती आहे. खांद्यावर शाल पडली की त्याला हात जोडावे लागतात. मग मागणीचा कागद पुढे करायला हात मोकळा राहतच नाही. त्या युक्तीत मीही सामील होतो, पिशवीत नारळ घेऊन.

कोल्हापूरकरांनो, आपल्या प्रत्येक गल्लीतले कोणी ना कोणी पुण्यात नोकरीला आहे. धायरीत असेल, खडकीत असेल. आजच त्याला फोन करा. रविवारी सकाळी सातला वारज्याच्या पुलाखाली उतरून मेजरसाहेबांचे मैदान विचारायला सांगा. टोमणा ऐकावा लागेल, पण पत्ता मिळेल. बूट नसतील तर त्याने अनवाणी खेळावे. शाल मात्र नेऊ नये. न्यायचेच असेल काही, तर घमेलेभर माती न्यावी.