मिठागर दाखवायला नेले तेव्हा

भूमध्य समुद्र शिकवताना मी फळ्यावर आधी किनारा काढत असे आणि बंदरे नंतर. किनारा कुठे वळतो हे समजल्याशिवाय गलबते तिथेच का थांबली हे मुलांना समजत नाही. पेणच्या शाळेतून निवृत्त होईपर्यंत मी हाच क्रम पाळला. त्यातले बंदर मात्र एकही पाहिले नव्हते.

थोरला भाऊ धाटावच्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन अष्टमी गावात राहतो. एके दिवशी त्याचा फोन आला.

"जन्मभर नकाशावर छडी फिरवलीस. चल, सिसिली दाखवतो. तिकीट माझ्याकडे."

मला भरून आले. पण त्याच क्षणी मनात दुसराही विचार आला, तोही सांगायला हवा. वडिलांच्या मागे खाडीकाठचे मिठागर आम्हा बहीण-भावाच्या नावावर राहिले होते. दादाला ते विकायचे होते. घेणारा त्यावर भराव टाकून गोदामे बांधणार होता. मला तिथे मीठ पिकत राहायला हवे होते. या विषयावरचे आमचे प्रत्येक बोलणे भांडणावर संपे. सिसिलीच्या पश्चिम टोकाला एक जुने बंदर आहे आणि त्याच्या वेशीबाहेर अजून चालू असलेली मिठागरे आहेत, हे मला पुस्तकांतून माहीत होते. दादाशी वाद घालण्यापेक्षा त्याला ती दाखवावीत, असे मी ठरवले. सहलीतला मोकळा दिवस तिथे घालवू या, असे सुचवताच तो "व्हय, चालेल" म्हणाला. इतक्या सहज तो माझे कधीच ऐकत नसे.

ते गाव समुद्रात शिरलेल्या विळ्यासारखे आहे. फिनिशियन व्यापाऱ्यांनी तिथे नांगर टाकला. मग रोमन, अरब, स्पॅनिश आले आणि प्रत्येकाने आधीच्याच्या भिंतीवर आपली भिंत चढवली. दादा, वहिनी आणि मी अरुंद गल्ल्यांतून धक्क्यापर्यंत चालत गेलो. मासळीच्या बाजारात वहिनीने नाक मुरडले आणि म्हणाली, "एवढे पैसे घालून वास तोच, नाय?" दादा मोठ्याने हसला. त्या सकाळी आम्ही तिघे खरोखर आनंदात होतो.

दुपारी मिठागरावर गेलो. जुन्या पवनचक्कीत लहानसे संग्रहालय होते. बाहेर मिठाच्या पांढऱ्या राशी ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यावर कौले रचायचे काम चालू होते, थेट आपल्या मंगलोरी कौलांसारखी. आपल्याकडे पावसाआधी राशींवर गवत आणि झावळ्या घालतात, इथे कौले घालतात, एवढाच फरक, असे मी दादाला समजावले. समुद्राचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना कसे दाट होत जाते, तेही सांगितले. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधूनमधून प्रश्न विचारत होता. आपला धडा पोहोचतो आहे, असे मला वाटू लागले.

तेवढ्यात मागून वहिनी दबक्या आवाजात त्याला म्हणाली, "बोला ना आता. खुशीत हाय ती."

दादाने घसा खाकरला.

"छान आहे हे सगळं. पण इथे बघायला जग येतं. आपल्याकडे गाड्या रामवाडीवरून सुसाट निघून जातात. मीठ बघायला कोण थांबणार गो? हक्कसोडीवर सही करून टाक. सगळ्या बहिणी करतात."

"म्हणून आणलंस मला?"

"आणि तू मला इथे कशाला आणलंस? मीठ चाखायला?"

कौले रचणारी माणसे एकमेकांना काहीतरी ओरडून सांगत होती. वहिनीने पर्समधून लाडूंचा डबा काढला आणि दोघांच्या मध्ये धरला. कोणीच घेतला नाही.

सही मी केली नाही. त्या दिवाळीत भाऊबीजेला दादाकडून बोलावणे आले नाही.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाने मिठागराचा बाहेरचा बांध फुटला. चिखल लावून भगदाड वेळीच बुजवले नाही, तर प्रत्येक भरतीला ते रुंदावते. मी दादाला फोन केला.

"तुला हवं होतं ना ते? मग तूच बांध," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी खाडीकाठच्या वाडीत माणसे शोधायला गेले. पूर्वी आमच्या मिठागरावर राबणाऱ्या घरांतली मुले आता कंपनीच्या शिफ्टला जातात. एका दारात बाई म्हणाली, "बाई, चिखलात कोण उतरतंय आता? तुमचा भाऊस नाय उतरत." खोटे काहीच नव्हते त्यात.

आता भरतीचे पाणी वाफ्यांवरून मोकळे येते-जाते, आणि त्या पाण्यात तिवरांची रोपे उगवली आहेत. खाऱ्या चिखलातले हे झाड एकदा वाढले की कायद्याने तोडता येत नाही, आणि त्यावर भरावही टाकता येत नाही. गोदामवाल्याने दुसरीकडे जागा घेतल्याचे ऐकले. सातबाऱ्यावर दोघांची नावे अजून आहेत.