घोड्याचं पुढे काय झालं

मुलांनो, चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसणारा तिसगावचा टेक्निशियन तुम्हाला आठवत असेल. नुसतं ‘जय ख्रिस्त’ म्हणून त्याला थांबता येत नाही, पुढे विनोद येतोच.

तो पुण्याच्या इस्पितळात एमआरआयवर काम करतो. तुमच्या आत्याच्या गर्भाशयातली गाठ तिथेच ध्वनिलहरींनी तापवून जाळली. गाठीला आतडं खेटून होतं. ते भाजू नये म्हणून तो पडद्यावर तापमान पाहत होता. मी शेजारीच काचेमागे बसले होते.

यंत्रात झोपवलेली आत्या घाबरली होती, म्हणून त्याने माइकवरून वरातीतल्या घोड्याचा विनोद सुरू केला. ती हसली आणि पडद्यावर आतडं लाल झालं. त्याने हात वर केला, डॉक्टरांनी तापवणं थांबवलं.

“तापलं न्हाई, ताई हलल्या,” तो म्हणाला. “हललं की चित्र खोटा ताप दाखवतं. मग खरा कळायचा न्हाई.”

त्याने तिच्या श्वासाच्या चढउताराची नवी चित्रं घेतली आणि श्वासाचं हलणं ताप म्हणून दिसू नये यासाठी पुढचं प्रत्येक चित्र त्यांच्याशी ताडून पाहिलं. तापवणं पुन्हा सुरू झालं. मधल्या विश्रांतीत आत्याने विचारलं, “घोड्याचं काय झालं?” त्याने माइकच बंद केला.

गाठ जळाली, आतडं शाबूत राहिलं. तिला बाहेर आणल्यावर तो म्हणाला, “नवरदेव खाली पडला, अन् घोडाच मांडवात जाऊन उभा राहिला. हसा आता, ताई, लागंल तेवढं हला.”