दहाचा पाना

सोयराअक्का गाडी चालवायला शिकली ती साठी उलटल्यावर, आणि हौसेनं अजिबात नाही. तिच्या नवऱ्याचा, रघुजीअण्णांचा, उजवा हात अर्धांगाच्या झटक्यात गेला, पायही ओढत चालू लागले. आठवड्यातून तीनदा जयनगरला व्यायामासाठी न्यायचं होतं, आणि अण्णा रिक्षात बसायला तयार नव्हते. "गाडी दारात असताना रिक्षा कशाला?" एवढा एकच मुद्दा त्यांच्याकडे होता आणि तो त्यांना जन्मभर पुरला असता. शेवटी अक्कानंच लायसन्स काढलं.

बसवनगुडीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. मी पुण्याची, ऑफिस मारतहळ्ळीला. जाण्यायेण्यात माझा निम्मा जीव जातो आणि उरलेल्या निम्म्यानं मी लोकांवर चिडते. अण्णांवर जरा जास्तच. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलं, मराठी कानडीत चांगली मुरलेली. ते कारखान्यात फिटर होते. त्यांची ती जुनी पांढरी गाडी पंचवीस वर्षं त्यांनी स्वतःच सांभाळली होती, परक्याचा हात म्हणून लागू दिला नव्हता. आता हात चालत नव्हता, पण तोंड उत्तम चालत होतं.

अक्का उशीवर बसून, हनुवटी पुढे काढून गाडी चालवायची. शेजारी अण्णा. "क्लच सोड! सोड म्हंतो नव्हं? स्वल्प पुढं बघ की ग! गियर बदल, गियर बदल!" गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मला वर गॅलरीत ऐकू यायचं. त्याआधी पहाटेपासून तिनं त्यांना उठवलेलं असे, आंघोळ घातलेली असे, दाढी केलेली असे, भरवलेलं असे. परत आल्यावर ती पायरीवर बसून राहायची. चप्पलसुद्धा काढायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "काय नाही ग, सुम्ने बसले." उगाच बसले, म्हणजे.

यंदाच्या उन्हाळ्यात गाडीतून धूर येऊ लागला. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. झाकणाखाली बुचाची चपटी पट्टी असते, ती पॅकिंग. पॅकिंग वाळलं की कडेनं ऑइल झिरपतं, खालच्या तापलेल्या पाइपवर पडतं आणि जळका वास थेट गाडीत येतो. ही सगळी माहिती मी न मागता अण्णांनी मला दिली. झाकणाचे बोल्ट बेताचेच आवळायचे असतात, हेही सांगितलं. जास्त पिळले की पॅकिंग चिरतं, पत्रा वाकतो आणि होतं त्याहून जास्त गळायला लागतं. अक्का तेव्हा शेजारी भाजी निवडत होती.

त्यांचा मुलगा रणजीत दूर व्हाइटफील्डला राहतो. त्यानं बजावलं होतं, की अण्णांची छाती आधीच नाजूक, हा धूर चालणार नाही, गाडी काढून टाकू. अण्णांनी नाइलाजानं नंदकिशोर मेकॅनिकला बोलावलं आणि गणपतीच्या सुमाराला नवं पॅकिंग बसलं. धूर गेला. अण्णा एवढे खूश झाले की त्यांनी मला जिन्यात अडवून बातमी दिली. अक्का मागे उभी होती. तिला आनंद झाला असावा असं मी धरून चालले.

मग आयुधपूजा आली. बेंगळुरात त्या दिवशी गाड्यांना हार, चाकांखाली लिंबं, दारोदार फोडलेले कोहळे. अण्णांचे पाने, हातोडी, पक्कड सगळं घासून पाटावर ओळीनं मांडलेलं होतं आणि अक्कानं सकाळीच एकेका पान्याला हळदकुंकवाचं बोट लावलं होतं. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो, त्यांना विश्रांती. दुसऱ्या दिवशी दसऱ्यालाच ती उचलायची. अण्णा याबाबतीत फार कडक. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस निजू द्यावं म्हणायचे. अक्का मात्र त्या दिवशीही पहाटेपासून उभीच होती.

दुपारी रणजीत आला. गाडीची पूजा झाली. लिंबं चिरडून गाडीची एक फेरी मारायची असते, म्हणून तो स्वतः चालवायला बसला, शेजारी अण्णा. बुल टेम्पल रोडवरून परत येईपर्यंत गाडीत एवढा धूर कोंडला की अण्णा खोकून खोकून लालबुंद झाले. रणजीत खाली उतरला तो भडकूनच. "बस झालं. पुढच्या आठवड्यात मी ही भंगारात देतो." अण्णा दाराला धरून उतरले आणि बॉनेटवरचा हार नीट करू लागले. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

दसऱ्याला सकाळी मी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला खाली गेले. अण्णा पाटासमोर स्टुलावर बसले होते आणि नंदकिशोरच्या नावानं त्यांचा पट्टा चालू होता. "बोल्ट पिळून ठेवले असणार. त्याला फोन लाव, सोयरा. आत्ता लाव." अक्का फोन हातात घेऊन उभी होती, लावत नव्हती. अण्णांनी डाव्या हातानं एकेक पाना उचलायला सुरुवात केली. आठचा, नऊचा, दहाचा. दहाच्या पान्यावर ते थांबले.

त्यावर कुंकू नव्हतं. म्हणजे होतं, पण तोंडाशी पुसलं गेलेलं, आणि दांड्यावर तेलकट अंगठा उमटलेला. बाकीच्या सगळ्यांवरचं बोट जसंच्या तसं होतं. टॅपेट कव्हरचे बोल्ट दहाच्या पान्यानं आवळतात हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं. घरात काल रणजीत यायच्या आधी दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाचा हात चालत नव्हता.

"काल घेतलास?" अण्णांनी विचारलं.

"व्हय."

"पूजेनंतर?"

"व्हय. रणजीत येणार होता. धूर दिसल्याबिगर त्यानं नेली नसती." अक्कानं फोन खाली ठेवला. "दमले वो मी. लई दमले. ते हॉर्न, ते बस अंगावर येनारे, आनि तुमी. मला ती गाडी नको."

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण बन्नीची पानं हातात धरून उभीच राहिले. अण्णांनी पाना डोळ्यांजवळ नेऊन तो तेलकट अंगठा पाहिला. मग म्हणाले, "मला सांगायचं तरी."

"सांगितलं की," अक्का म्हणाली. "जयनगरच्या सिग्नलला सांगितलं, कितीदा. तुमी म्हणाला, गियर बदल."

अण्णांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. ते रागावतील म्हणून मी कंबर कसून उभी होते, भांडायला तयार. ते रागावले नाहीत. पाना मांडीवर ठेवून धोतराच्या सोग्यानं त्यांनी तो पुसला. म्हणाले, "रणजीतला सांग, गाडी घेऊन जा. पर गळकी नाय द्यायची. आधी पॅकिंग बदलू."

"भंगारात जानाऱ्या गाडीचं?"

"पंचवीस वर्सं वापरली. अशी नाय द्यायची."

दुकानं उघडल्यावर जे.सी. रोडवरून पॅकिंग मीच आणलं. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना अक्का पदर खोचून उभी राहिली. मी टॉर्च धरला. अण्णा स्टुलावर. झाकण निघालं, तर खरंच एका कोपऱ्यात पॅकिंग चिरून बाहेर आलं होतं आणि पत्रा वाकला होता. अक्कानं तो लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं ठोकून सरळ केला, जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडले, कडा फडक्यानं पुसल्या. अण्णा नेहमीसारखे ओरडत नव्हते. ते हळू बोलत होते, आणि ते मला जास्त जड जात होतं.

"आधी मधले. मग समोरासमोरचे. स्वल्प स्वल्प. टेकलं की थांब." शेवटच्या बोल्टला अक्काचा हात जरा रेटला गेला. अण्णांनी पुढे वाकून आपला डावा हात तिच्या हातावर ठेवला. "सरी, झालं. बस. आता दम खा, सोयरा."

ती पाना हातात घेऊन तशीच रडली. अण्णांनी हात काढला नाही.

गाडी सुरू केली. धूर नव्हता, वास नव्हता, कडेला थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशी रणजीत ती घेऊन गेला. अण्णा फाटकापर्यंत चालत गेले आणि गाडी वळल्यावरही तिथंच उभे राहिले.

व्यायामाच्या पुढच्या वारी दारात रिक्षा आली. मला मेट्रोपर्यंत सोडतील म्हणून मीही बसले. एका कडेला अण्णा, मध्ये अक्का, दुसऱ्या कडेला मी. गल्ली ओलांडायच्या आत अक्काची मान अण्णांच्या निकामी खांद्यावर पडली. तोंड किंचित उघडं, पिशवी मांडीवरून घसरलेली. भर वाहतुकीत, हॉर्नच्या कलकलाटात ती गाढ झोपली होती. ड्रायव्हरनं खाडकन गियर बदलला तसं अण्णांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुढे वाकून त्याला कानडीत हळूच म्हणाले, "जरा सावकाश घे, बाबा. ही झोपलीय."

माझं स्टेशन आलं आणि गेलं. रिक्षा थांबली असती तर ती जागी झाली असती, म्हणून मी काही बोलले नाही.