न धुतलेली जुडी

माझ्या भावोजींनी सव्वीस वर्षं भाजी चिरली, पण त्यातलं एक पानही कुणाच्या पोटात गेलं नाही. भाजीपाल्यावर फवारणीचं औषध किती उरलंय हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते. आलेला नमुना चिरायचा, यंत्रात त्याचा लगदा करायचा, तो बाटलीत भरून पुढच्या खोलीत द्यायचा आणि आकडे आले की अहवाल लिहायचा. तिथला पहिला नियम असा, की नमुना धुवायचा नाही. गिऱ्हाइकाच्या हातात पडतो तसाच तपासायचा. नव्या माणसाने सवयीने टोमॅटो नळाखाली धरला, तर भावोजी दिवसभर त्याचं डोकं खात.

मी भाजीवाला. थोरल्या बहिणीचा नवरा भाजीतलं विष शोधतो आणि धाकटा भाऊ तीच भाजी विकतो, तेव्हा आमच्या जेवणांना काय रंग चढत असेल ते सांगायला नको. ते मला ‘विषवाले’ म्हणत. मी विचारायचो, साहेब, माझ्या फुलकोबीचा निकाल लागला का? बाजारातले बहुतेक नमुने मर्यादेच्या आतच निघतात हे तेही कबूल करत, पण लगेच म्हणत, मर्यादेच्या आत म्हणजे आहेच ना. माझ्या दुकानातून गेलेली भाजी त्यांच्या घरी अर्धा तास मिठाच्या पाण्यात बुडायची आणि मग तीनदा धुतली जायची. ताई हसत म्हणायची, आता भावालाही एकदा बुडवून काढते.

मग ताईला रक्ताचा आजार निघाला. कशामुळे, हे डॉक्टरांना सांगता येईना. भावोजींना मात्र विचारायची गरज पडली नाही. इतकी वर्षं जे आकडे लिहिले तेच आपल्या घरात शिरले, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांनी मला तसं बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ‘विषवाले’ म्हणताना ते हसत नव्हते. मला फार लागलं ते. मीही त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागलो.

त्याच सुमाराला त्यांच्या टेबलावर एका बाईंच्या मळ्यातला पालक आला. गावाबाहेर एवढासा तुकडा, फवारणी अजिबात नाही, नुसत्या शेणखतावर पिकवलेला. यंत्र चारशे औषधं शोधतं, त्यातलं एकही निघालं नाही. भावोजींनी तो नमुना दोनदा लावला, दोन्ही वेळा तेच. मुलाचा वर्गात पहिला नंबर आला की बाप जसा गुणपत्रक दाखवत फिरतो, तसा तो अहवाल घेऊन ते घरी आले. दर शनिवारी सायकल काढून मळ्यावर जायचं, दोन जुड्या आणायच्या आणि रोज सकाळी ताईला कच्च्या पानांचा ग्लासभर रस द्यायचा, हा नेम सुरू झाला. ताईला त्याची चव मुळीच आवडत नव्हती. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर जरा तजेला आलेला बघून ती नाक दाबून प्यायची.

उपचार सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं, की औषधांमुळे हिची रोगाशी लढायची ताकद आता शून्यावर येणार, तेव्हा सगळं शिजवलेलं द्या, कच्चं काहीही नको. भावोजींनी मान डोलावली. जिना उतरताना मात्र मला म्हणाले, ते बाजारातल्या भाजीबद्दल सांगत होते. मी म्हटलं, त्यांनी कुठली भाजी ते सांगितलंच नाही. त्यावर ते थांबले.

“मी त्या पालकात चारशे औषधं शोधलीत. एकही नाही. तू काय शोधलंस?”

एका सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. जुडीच्या देठांना ओला, काळपट चिखल चिकटला होता आणि त्याला वास होता. आयुष्य भाजीत गेलंय माझं, तो वास मातीचा नव्हता. मी जुडी नळाखाली धरायला गेलो तर भावोजींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, तुझ्याकडची धुवायची, ही नाही. मी सोडून दिली. आता वाटतं, हिसकावून घ्यायला हवी होती. पण मला रोजच्या वादाचा कंटाळा आला होता, आणि अपमान तर गिळून गिळून पोट भरलं होतं.

चौथ्या दिवशी ताईला थंडी वाजून ताप भरला. इस्पितळात नऊ दिवस काढले. डॉक्टरांनी सांगितलं, शेणातून येणारा जंतू आहे, रक्तात पसरलाय, कच्चं काय दिलं होतंत? भावोजींनी लपवाछपवी केली नाही. पालकाचा रस, न धुता, असं सरळ सांगितलं. डॉक्टर खाली बघून लिहीत राहिले. ताई शेवटचं शुद्धीवर आली तेव्हा मला म्हणाली, दुकान कुणावर टाकून आलास? दुपारी ती गेली.

सगळं आटोपून घरी आलो तेव्हा दारातच मी त्यांना गाठलं.

“विषवाला कोण ते कळलं ना आता?”

“कळलं,” ते म्हणाले.

मला त्यांच्या अंगावर धावून जायचं होतं. पण त्या एका शब्दानंतर धावून जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आठवड्याने ते मळ्यावरून, बाईंना काही न सांगता, आणखी एक जुडी घेऊन आले आणि जंतू तपासणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेत देऊन आले. निकाल आला, तोच जंतू. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. हा कागद चौकटीत घालून दुकानात टांगावा, असं आलं. मी तसं बोललोही. ते म्हणाले, टांग, पण आधी माझ्याबरोबर चल, त्या बाई अजून विकताहेत.

आम्ही सकाळीच गेलो. बाई टोपल्यांवर पाणी शिंपडत होत्या. मी तोंड सोडायच्या तयारीनेच गेलो होतो. भावोजींना बघून त्या हात पुसत पुढे आल्या.

“वहिनींना बरं वाटतंय ना आता? कोवळी पानं वेगळी काढून ठेवलीत त्यांच्यासाठी.”

भावोजींनी आधी कागद समजावून सांगितला. खत कुजलेलं नाही, विक्री आजच थांबवा, ज्यांनी नेली असेल त्यांना निरोप धाडा. बाईंनी कबूल केलं, की यंदा खड्ड्यातलं खत पुरलं नाही म्हणून शेजारच्या गोठ्यातलं ताजं शेण टाकलं. पण फवारणी एकदाही केली नाही, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. भावोजी म्हणाले, ठाऊक आहे, मीच तपासलंय. मग बाईंनी आम्हा दोघांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“वहिनी कुठे आहेत?”

“गेली. बारा दिवस झाले.”

बाई होत्या तिथेच खाली बसल्या.

“म्हणजे माझ्या हातून गेल्या त्या?”

“नाही,” भावोजी म्हणाले. “डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं. ग्लास मी धरला होता तिच्या तोंडाशी. तिला नको असायचा.”

बाई उठल्या आणि एकेक टोपली उकिरड्यावर नेऊन ओतू लागल्या. टोपल्या जड होत्या, म्हणून आम्ही दोघंही उचलू लागलो.