भंडाऱ्यात गेलेला गोल

आमच्या जुन्नरला दरवर्षी आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरते, हे मी माहेरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू दे मेला. पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा असते. नेपाळ येतं, श्रीलंका येते, आणि डेन्मार्कमधल्या कुठल्याशा गावाचा एक क्लब येतो. तो इतक्या लांब का येतो, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. शिवाय मंचरचा संघ असतो. जुन्नरच्या माणसाला मंचर हाच मोठा परदेश, तेव्हा आंतरराष्ट्रीय म्हणायला काही हरकत नाही.

माझी मुलगी जुन्नरच्या मुलींची गोलकीपर. आमच्या मुलींनी या स्पर्धेत एकही सामना कधी जिंकलेला नव्हता. त्यात काही लाज वाटून घ्यावी असं आम्हाला कुणाला वाटत नव्हतं. पण गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "पुढं दहावीचं वरीस हाय. या टायमाला एक तरी म्याच जिंका, मग खुशाल खेळ. न्हाई जिंकली तर हातमोजे माळ्यावर. शब्द म्हंजे शब्द."

"चालेल," पोरगी म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

आमच्या ह्यांचं आळेफाट्याला गॅरेज आहे, पण जीव सगळा बैलगाड्यात. आमच्याकडं गावोगावच्या जत्रांना घाटात शर्यती लागतात. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. बैल गाडा घेऊन सुटले की दोन्ही बाजूंच्या बघ्यांनी भंडारा उधळायचा, हळदीची पिवळी पूड, मुठी भरभरून. गाडा कुणाचा आहे हे बघायचं नाही. ह्यांच्या एकूण एक शर्टांचे खिसे आतून पिवळे आहेत, धुऊन धुऊन माझे हात झिजले.

स्पर्धेला बाहेरचे संघ आले की खेळाडू घरोघरी उतरतात. आमच्या वाट्याला डेन्मार्कची एक मुलगी आली. गोल मारण्यात पटाईत, आणि उंच म्हणजे केवढी उंच! पोरीच्या पलंगावर झोपली तर पोटऱ्या बाहेर. गल्लीतल्या बायका तिला बघायला येऊन हळदीकुंकू लावून जायच्या. मी तिला पहिल्याच दिवशी मासवडी करून घातली. तिला ती इतकी आवडली की सकाळ-संध्याकाळ ताट घेऊन स्वयंपाकघरात हजर. मराठी तिला एकच यायचं, "अजून."

आमच्या मुली बाकीचे सामने रीतीप्रमाणे हरल्या. मंचरकडूनही हरल्या, त्यावर न बोललेलं बरं. उरला शेवटचा, डेन्मार्कशी. आदल्या दिवशी पोरगी माझ्यावर उखडली. "आई, ती उद्या माझ्यावर गोल मारणारे. तिला कशाला एवढं खाऊ घालतेस?"

"मग काय उपाशी ठेवू? पाहुणी आहे ती."

"मी कोण आहे?"

मी तिच्याही ताटात दोन वड्या जास्त घातल्या. सकाळी निघताना दोघींना शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळलं आणि दोघींनाही "जिंकून या" म्हणाले. देवाला तरी काय कळलं असेल!

सामना सकाळचा होता, पण आधी सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. पाहुण्यांचा झाला, पंचांचा झाला, मंडपवाल्याचा झाला, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा झाला. चेंडूपुढं नारळ फोडला, गोलच्या खांबांना कुंकू लावलं. डेन्मार्कच्या कोचबाईंना फेटा असा काही घट्ट बांधला की शेवटपर्यंत निघालाच नाही. त्यांना वाटलं, काढायचा नसतो. माइकवर घाटातलेच निवेदक बसवले होते. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आवाज असा की समोरची पोरगी चेंडू विसरून त्यांच्याकडंच बघत राहायची.

आणि त्या गोंधळात आमच्या मुलींनी गोल केला. खरं तर डेन्मार्कच्याच एका मुलीच्या गुडघ्याला लागून चेंडू तिच्याच गोलात गेला, पण गोल तो गोल. आम्ही एक, त्या शून्य. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मी मात्र सारखी घड्याळाकडं बघायला लागले. जिंकायची सवय नसली की असं होतं.

आमचे हे गॅरेज बंद करून आले होते. "नुसतं बघायला आलोय," म्हणाले आणि जाऊन उभे राहिले ते थेट पोरीच्या गोलमागं, जाळीला नाक लावून.

सामना संपत आला आणि पंचांनी शिट्टी मारली. आमच्या कुणाच्या तरी हाताला चेंडू लागला होता. पेनल्टी. मारायला आमचीच पाहुणी, माझ्या मासवडीवर पोसलेली. समोर माझी पोरगी. मी डोळे मिटले, परत उघडले. पाहुणीनं मारला आणि पोरीनं अंग झोकून अडवला! हो, अडवला!

पण चेंडू हातात राहिला नाही, सुटला. त्याच क्षणी आमच्या ह्यांनी खिशात हात घातला आणि जाळीतून दोन्ही मुठी भंडारा उधळला. त्यांचं बघून मागच्या सगळ्यांनी उधळला. घाटात बैल सुटले की हात आपोआपच खिशात जातो, त्यात ठरवण्यासारखं काही नसतं. गोल, पोरगी, पाहुणी, सगळं पिवळ्या धुरळ्यात गडप.

धुरळा खाली बसला तेव्हा पोरगी रेषेवर चेंडू पोटाशी धरून आडवी पडलेली होती. पाहुणी डोळे चोळत उभी. पंच पुण्याचे होते, त्यांचा चष्मा पिवळाधमक. त्यांनी या पंचाला विचारलं, त्या पंचाला विचारलं. कुणालाच काही दिसलं नव्हतं. शेवटी ते पोरीपाशी गेले. "बाळ, बॉल आत गेला होता का?"

पोरगी आधी दणकून शिंकली. मग म्हणाली, "गेला होता सर. मी आतनं ओढून आणला."

"अगं कारटे, गप्प बस की!" हे मी ओरडले. माइक जवळच होता, सगळ्या जुन्नरनं ऐकलं.

एक-एक. बरोबरी. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे.

घरी आल्यावर पोरीनं हातमोजे धुतले, वाळवले, स्टूल ओढलं आणि माळ्यावर टाकले. आमचे हे उंबऱ्यात बसले होते, भुवयांपर्यंत पिवळे.

"अगं, भंडारा म्या टाकला. ही म्याच धरायची न्हाई."

"पंचांनी धरली."

"मी म्हंतो ना, खेळ तू."

"शब्द म्हणजे शब्द, पप्पा."

आता बाप विनवतोय आणि पोरगी ऐकत नाही! पाहुणी ताट घेऊन एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती.

"तुला सांगायची काय गरज व्हती?" हे एकदम चिडून म्हणाले. "कुणाला दिसलं व्हतं?"

पोरगी वळली. "तुम्ही तर जाळीलाच चिकटला होता. तुम्हाला दिसलं नाही?"

हे खाली बघायला लागले. दिलेला शब्द चुकला तर दिवसभर न जेवणारा हा माणूस. गिऱ्हाइकाला संध्याकाळची वेळ दिली तर ताप अंगावर काढून गाडी तयार ठेवणारा.

"दिसलं व्हतं," ते म्हणाले. "माझ्या पायापाशीच आला व्हता बॉल."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी शर्टाचा खिसा उलटा करून उरलासुरला भंडारा झटकला. मला दोघांच्याही एकेक ठेवून द्यावीशी वाटत होती आणि रडूही येत होतं.

"तुला खेळाया मिळावं म्हून," ते म्हणाले.

 पोरीनं स्टूल परत ओढलं. ह्यांनी उठून ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ती वर चढली.