पातीखालचे कांदे

मागच्या उन्हाळ्यात कांदा काटायला, म्हणजे उपटलेल्या कांद्याची पात विळ्यानं कापायला, माझ्याकडे बारा बायका येत होत्या. चौथ्या दिवशी पाचच आल्या. बाकीच्या सात बांधापलीकडे, माझ्या चुलतभावाच्या शेतात बसलेल्या इथूनच दिसत होत्या.

चुलतभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. त्याचं चांगलं झालेलं मला लहानपणापासून खुपतं, हे आता पन्नाशी उलटल्यावर कबूल करायला हरकत नाही. त्यानं चार बांबूंवर हिरवी शेडनेट ताणली होती. ढीग काटून झाला की चौघींनी चार बांबू उचलायचे आणि सावली पुढच्या ढिगावर न्यायची. काम सकाळी सहाला सुरू, अकराला बंद, परत चारला.

"बायकांच्या डोक्यावर छत्र धरतोय," मी घरी म्हणालो.

"मग तुम्हीबी धरा की," बायको म्हणाली.

माझं काम नऊ ते पाच. मधली एक तासाची सुट्टी चिंचेखाली. पाण्याचा हंडाही तिथंच. चिंच शेवटच्या ढिगापासून एकशे ऐंशी पावलं. मी मोजली होती, आणि मला ती थोडी वाटली होती. भर दुपारी पाण्यासाठी तेवढं चालत कुणी जात नव्हतं. आदल्याच दिवशी टोळीतल्या सगळ्यांत वयस्क मावशींना दोनच्या सुमाराला गरगरलं. मी त्यांना चिंचेखाली बसवलं आणि अर्ध्या तासानं परत विळा हातात घेऊ दिला.

त्या पाचजणी काटत होत्या तेव्हा मी सवयीनं बजावलं, "ढीग उघडा ठेवू नका गं. पात टाका वर, कांदा भाजतो."

"आप्पा, कांद्याला पात हाय," एक मान वर न करता म्हणाली. "आमाला काय हाय?"

"पुढच्या जल्मी कांदा व्हऊ बाई," दुसरी म्हणाली आणि पाचही हसल्या. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी शिरूरला जाऊन नेट आणली. भावाची किती असेल याचा बांधावरून अंदाज घेतला होता. माझी दोन फूट जास्त घेतली. पाण्याचा जार ढिगाशेजारी ठेवला, वेळही सहाची केली आणि टोळीला निरोप धाडला.

सकाळी मोजल्या तर अकरा. मावशी पलीकडेच होत्या. मी बांध ओलांडून गेलो.

"मावशी, मीबी सावली केलीय. याच्यापेक्षा मोठी."

"व्हय आप्पा, दिसती हितून," त्या म्हणाल्या. "पर मला आंधारी आली तवा न्हवती. मी हितंच बरी."

भावानं तांब्या पुढं केला. "दादा, पाणी घ्या."

घशाला कोरड पडली होती, तरी मी नको म्हणालो. तीन दिवसांत माझा कांदा काटून झाला. मावशी काही आल्या नाहीत.